मुलांच्या डोक्याला मार : डोळ्यांची सोनोग्राफी काय सांगते, काय नाही

मूल पडले आणि डोक्याला लागले, की घरातली सगळी माणसे एकच प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, आत काही झालं नाही ना?’ बाहेरचे टेंगूळ दिसते, खोक दिसते, खोकेला टाके घालता येतात. आतले दिसत नाही. आपल्याकडे लोक याला ‘मुका मार’ म्हणतात. हा शब्द नेमका आहे. हा मार स्वतः काही सांगत नाही, त्याच्याकडून काढून घ्यावे लागते.

ते काढून घेण्याच्या साधनांत गेल्या काही वर्षांत एका तपासणीची भर पडली आहे, ती म्हणजे डोळ्यांची सोनोग्राफी. बंद पापणीवर जेल लावून प्रोब हलकेच टेकवायचा, डोळ्याच्या मागे असलेल्या मुख्य नसेचे आवरण किती रुंद झाले आहे ते मोजायचे आणि त्यावरून कवटीतला दाब वाढला आहे का, याचा अंदाज घ्यायचा. यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, भूल नाही. मुलाला खाटेवरून हलवावे लागत नाही आणि सरावलेल्या हाताला पाचेक मिनिटे पुरतात.

इतकी सोयीची गोष्ट आली की मते दोन टोकांना जातात. काही जण तिला सिटी स्कॅनचा पर्याय म्हणू लागतात, तर काही जण यंत्राचे नवे खूळ म्हणून झटकून टाकतात. मला दोन्ही मते पटत नाहीत. ही तपासणी धोक्याची घंटा म्हणून कामाची आहे, आणि जिथे सिटी स्कॅन नाही, न्यूरोसर्जन नाही, अशा तालुक्याच्या रुग्णालयांत ती सर्वांत जास्त कामाची आहे. पण मुलाला घरी सोडण्याचा दाखला म्हणून कोणी ती वापरू लागले, तर तिच्यामुळे मुलांचे जीव जातील. हा फरक डॉक्टरांनी, आरोग्य खात्याने आणि पालकांनीही समजून घ्यायला हवा.

बंद डब्यातला दाब

कवटी हा हाडाचा बंद डबा आहे. त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी अशा तीनच गोष्टी असतात. एकीने जास्त जागा घेतली, की उरलेल्या दोघींना आक्रसावे लागते. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये हा विचार मांडला, १८२४ मध्ये जॉर्ज केली यांनी त्याला दुजोरा दिला, आणि आजही वैद्यकीय विद्यार्थी तो त्या दोघांच्या नावानेच शिकतात.

मार लागून आत रक्त साकळले किंवा मेंदूला सूज आली, की सुरुवातीला थोडे पाणी कवटीतून पाठीच्या कण्याकडे सरकते आणि थोडे रक्त शिरांवाटे बाहेर ढकलले जाते. तोपर्यंत मूल बरे दिसते. ही सोय संपली, की दाब भराभर चढतो. मेंदूला रक्त पुरेसे पोचत नाही, आणि दाब तसाच चढत राहिला तर मेंदूचा भाग कवटीच्या तळाच्या अरुंद वाटेत दाबला जाऊन श्वास बंद पडतो. डोक्याला गंभीर इजा झालेल्या मुलांमध्ये हा दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, कवटीचे सांधे जुळलेले नसतात. त्यामुळे त्याला थोडा जास्त वेळ मिळतो, पण लक्षणेही उशिरा दिसतात.

हा दाब अचूक मोजायचा, तर कवटीला छिद्र पाडून आत संवेदक बसवावा लागतो. ते काम न्यूरोसर्जनचे आणि अतिदक्षता विभागाचे. म्हणून बाहेरून अंदाज घेण्याची वाट डॉक्टर फार वर्षांपासून शोधत आहेत, आणि ती डोळ्यापाशी सापडली.

डोळ्याची मुख्य नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, ही खरे तर मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूवर जी आवरणे आहेत तीच तिच्यावर आहेत, आणि मेंदूभोवती जे पाणी आहे तेच या आवरणाखालीही असते. कवटीत दाब वाढला की ते पाणी पुढे रेटले जाते आणि आवरण फुगते. मूळचे भारतीय नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी लंडनमध्ये माकडांवर केलेले प्रयोग १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. कवटीतला दाब या आवरणातल्या पाण्यावाटेच डोळ्यापर्यंत येतो आणि डोळ्याच्या पडद्यावर सूज आणतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. पुढे १९९६ मध्ये हेल्मके आणि हॅन्सेन या जर्मन डॉक्टरांनी दाखवले, की आवरण सर्वांत जास्त फुगते ते डोळ्याच्या लगेच मागे, आणि सोनोग्राफीत ते मोजता येते. त्यांच्या कामात मुलेच मुख्य होती. त्यामुळे ही तपासणी मोठ्यांसाठी निघाली आणि मग मुलांवर लादली गेली, असे म्हणता येत नाही.

मग डॉक्टर पूर्वीपासून टॉर्चसारख्या उपकरणातून डोळ्याचा पडदा बघत आले आहेत, ते पुरेसे नाही का? दोन अडचणी आहेत. दाब वाढल्यावर पडद्यावरची सूज दिसायला तास, कधी दिवस लागतात, आवरण मात्र काही मिनिटांत फुगू शकते. दुसरे असे, की पडदा नीट बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या बाहुल्या हीच आमची सर्वांत महत्त्वाची खूण असते. एक बाहुली मोठी झाली तर त्या बाजूला आत दाब वाढतो आहे, असा त्याचा अर्थ लागतो. थेंब घालून ती खूण आपल्याच हाताने पुसून टाकणे परवडत नाही.

साडेचार की साडेपाच?

तपासणी करताना मुलाला उताणे झोपवतात, शक्य असेल तर डोके थोडे उंच ठेवतात. बंद पापणीवर पातळ पारदर्शक पट्टी आणि भरपूर जेल लावून वरवरच्या अवयवांसाठी असतो तो लिनियर प्रोब ठेवतात. तपासणाऱ्याने हात मुलाच्या कपाळाच्या किंवा गालाच्या हाडावर टेकवायचा, म्हणजे डोळ्यावर भार येत नाही. यंत्राची ताकद डोळ्यासाठी ठरवून दिलेल्या कमी मर्यादेत ठेवायची. पडद्यावर डोळा काळ्या गोळ्यासारखा दिसतो आणि त्याच्या मागे नसेचा काळसर पट्टा. डोळ्याच्या मागच्या कडेपासून तीन मिलिमीटर अंतरावर त्या पट्ट्याची आवरणासह रुंदी मोजतात. आडवी आणि उभी, दोन्ही डोळ्यांची मापे घेऊन सरासरी काढतात. रडणाऱ्या मुलाच्या कवटीतला दाब रडण्यानेही तात्पुरता वाढतो, म्हणून आधी त्याला शांत करायचे. आईने हात धरून जवळ बसणे इथे औषधाइतके उपयोगी पडते.

आता प्रश्न आकड्याचा. २००२ मध्ये ब्रिटनमधील एका गटाने डोक्यात पाणी साचण्याचा आजार असलेल्या मुलांचा अभ्यास करून एक वर्षावरील मुलांसाठी साडेचार मिलिमीटर आणि त्याहून लहान बाळांसाठी चार मिलिमीटर अशी सीमा सांगितली. ती बरीच वर्षे वापरली गेली. पुढे दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या रेड क्रॉस वॉर मेमोरियल मुलांच्या रुग्णालयात कवटीतला दाब प्रत्यक्ष मोजून त्याच्याशी तुलना केली, तेव्हा वाढलेला दाब ओळखण्यासाठी साडेपाच मिलिमीटरच्या आसपासचा आकडा जास्त योग्य ठरला.

साडेचार आणि साडेपाच यांत फरक एका मिलिमीटरचा. पण इथे सगळा खेळ त्या एका मिलिमीटरात आहे. दोन अनुभवी डॉक्टरांनी एकाच डोळ्याचे माप घेतले, तरी एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. सीमारेषा खाली ठेवली की खोट्या घंटा वाजतात, वर ठेवली की खरी घंटा वाजायची राहून जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी, म्हणजे चार आणि साडेचारची सीमा वापरली होती. दाब खरोखर वाढलेल्यांपैकी ८३ टक्के मुले तिने पकडली, म्हणजे शंभरातली सतरा सुटली. आणि ज्यांचा दाब वाढलेला नव्हता, त्यांच्यापैकी जेमतेम ३८ टक्के मुलांना तिने ‘ठीक’ ठरवले. पुढच्या अभ्यासांचे निकाल याहून बरे आहेत, पण एका आकड्यावर मुलाचे भवितव्य टांगावे इतके बरे नाहीत.

जिथे ती कामाची आहे

समजा, संध्याकाळी पाच वाजता एक सहा वर्षांचा मुलगा स्लॅबवरून खाली पडला. गाव तालुक्यापासून वीस किलोमीटर. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत साडेसहा. मुलगा झोपाळलेला आहे, दोनदा उलटी झाली आहे, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. इथे सिटी स्कॅन नाही. नेहमीच्या पद्धतीने तो उपजिल्हा रुग्णालयात जाईल, तिथून जिल्हा रुग्णालयात, तिथे स्कॅन होईल आणि न्यूरोसर्जन नसेल तर तिथून मेडिकल कॉलेजला. प्रत्येक पायरीवर नवा केसपेपर, नवी रुग्णवाहिका, नवा उशीर. आत साकळणारे रक्त मात्र कुठल्याच पायरीवर थांबत नाही.

हा मुलगा पुढे पाठवायलाच हवा, हे सांगायला सोनोग्राफी लागत नाही. त्याची अर्धवट शुद्ध ते सांगतेच आहे. म्हणून माझे काही सहकारी विचारतात, मग हा खटाटोप कशाला? त्यांचा आक्षेप गंभीर आहे. यंत्र शोधण्यात आणि माप घेण्यात अर्धा तास गेला, तर ती तपासणी उपयोगाची नाही, उलट घातक आहे. पण रुग्णवाहिका दारात लागेपर्यंत, सलाइन लावून होईपर्यंत जी पाच मिनिटे मिळतात, त्यांत दोन्ही डोळ्यांचे आवरण सहा मिलिमीटर दिसले, तर तीन गोष्टी बदलतात. एक, मधल्या पायऱ्या गाळून थेट न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयाला फोन करायला ठोस कारण मिळते. दोन, डोके तीस अंश उंच ठेवणे, प्राणवायू देणे, रक्तदाब पडू न देणे यांच्या जोडीने मॅनिटॉल किंवा तीन टक्क्यांचे सलाइन वाटेतच सुरू करण्याचा निर्णय पलीकडच्या तज्ज्ञाशी बोलून घेता येतो. तीन, रुग्णवाहिकेत मुलाबरोबर श्वासनलिका सांभाळू शकणारा डॉक्टर पाठवायचा की नाही, हे ठरवता येते. माप वाढलेले नसेल तर काय? तर मुलाला पाठवायचेच आहे, तसेच आणि तितक्याच तातडीने. ही तपासणी ‘पाठवा’ याला जोर देऊ शकते, ‘पाठवू नका’ असे म्हणण्याचा अधिकार तिला नाही.

दुसरी जागा अतिदक्षता विभागाची. व्हेंटिलेटरवर असलेल्या, औषधाने झोपवलेल्या मुलाची शुद्ध तपासता येत नाही. दर काही तासांनी त्याला स्कॅनसाठी हलवणे धोक्याचे असते. अशा मुलाच्या बाबतीत साडेचार की साडेपाच हा वादही थोडा बाजूला पडतो, कारण तुलना त्याची त्याच्याशीच असते. त्याच डॉक्टरने, त्याच यंत्रावर, सकाळी ४.६ मोजलेले आवरण दुपारी ५.४ झाले, तर काहीतरी बिघडते आहे आणि पुन्हा स्कॅन करायला हवा, एवढे नक्की कळते.

तिसरा उपयोग साधा आहे. चेहऱ्यावर आपटलेल्या मुलाची पापणी इतकी सुजते, की ती उघडून बाहुली बघणे अशक्य होते. सोनोग्राफीत बंद पापणीआडूनही, दुसऱ्या डोळ्यावर उजेड टाकून, बाहुली आकसते का ते बघता येते. फक्त डोळाच फुटला असल्याची शंका असेल, तर त्यावर प्रोब टेकवायचा नाही. हा नियम न मोडणारा आहे.

साधने कमी असलेल्या ठिकाणी काळजीपूर्वक वारंवार तपासणी ही दुय्यम प्रतीची गोष्ट आहे, असे समजण्याचेही कारण नाही. बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांत डोक्याला गंभीर मार लागलेल्या, तेरा वर्षांवरील ३२४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांवर कवटीत संवेदक बसवून उपचार केले, अर्ध्यांवर तपासणी आणि स्कॅनच्या आधारे. संवेदक असलेल्यांचे निकाल अधिक चांगले ठरले नाहीत. त्यातले रुग्ण लहान मुले नव्हते, आणि संवेदक निरुपयोगी आहे असाही त्याचा अर्थ नाही. पण पुन्हा पुन्हा, नोंद ठेवून, शहाणपणाने तपासणारा डॉक्टर किती मोलाचा असतो, हे त्यातून दिसले. डोळ्यांची सोनोग्राफी या तपासण्याला जोड द्यायला आहे.

जे ती सांगू शकत नाही

सर्वांत मोठा धोका इथे आहे. ही तपासणी दाबाबद्दल बोलते, रक्तस्रावाबद्दल नाही. कवटीचे हाड तडकून त्याखालची धमनी फुटली, की कवटी आणि मेंदूच्या बाहेरच्या आवरणामध्ये रक्त साकळू लागते. अशा मुलाला कधी कधी मधला चांगला काळ मिळतो. मूल शुद्धीवर येते, बिस्कीट खाते, आईशी बोलते. या काळात दाब अजून चढलेला नसतो, त्यामुळे डोळ्यामागचे आवरणही अगदी नेहमीसारखे दिसते. काही तासांनी तेच मूल कोसळते. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर अशी मुले पूर्ण बरी होतात, आणि म्हणूनच त्यांना ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणे अक्षम्य ठरते.

उलट बाजूही आहे. आवरण रुंद दिसण्याची डोक्याच्या मारापेक्षा वेगळी कारणेही असतात, नसेचा दाह हे त्यांपैकी एक. तेव्हा आकडा एकट्याने वाचायचा नसतो. मुलाची शुद्ध, बाहुल्या, नाडी, रक्तदाब आणि मार कसा लागला याची हकीकत यांच्या शेजारी ठेवून तो वाचायचा असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लहान बाळाला कोणी मारले किंवा जोरजोरात हलवले असेल, तर डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. सोनोग्राफीत ते नेहमी दिसत नाहीत. तशी शंका असेल तिथे, बाळाची प्रकृती स्थिर झाल्यावर, नेत्रतज्ज्ञांकडून थेंब घालून पडद्याची तपासणी व्हायलाच हवी.

शहरातला प्रश्न वेगळा

तालुक्यात स्कॅन मिळत नाही, तर शहरात तो गरज नसताना होतो. पलंगावरून पडलेले, जरासे रडून पुन्हा खेळायला लागलेले मूलही सिटी स्कॅनच्या टेबलावर जाते. कधी पालकांचा आग्रह, कधी डॉक्टरांना वाटणारी तक्रारीची भीती.

डोक्याच्या एका सिटी स्कॅनमधून सुमारे दोन मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. म्हणजे एक स्कॅन हा काही बागुलबुवा नाही. पण मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि त्यांच्यापुढे मोठे आयुष्य असते. लहानपणी सिटी स्कॅन झालेल्या ब्रिटनमधील मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. दहा वर्षांखालील दहा हजार मुलांचा डोक्याचा स्कॅन केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक असे जादा रुग्ण निघतील, असा त्यातला अंदाज आहे. गरज असलेल्या मुलासाठी हा धोका नगण्य आहे, गरज नसलेल्यासाठी तो विनाकारण आहे.

ही गरज कशी ओळखायची, याचे उत्तर आधीच मिळालेले आहे, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांत डोक्याला मार लागलेल्या, पण जवळपास पूर्ण शुद्धीत असलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या फक्त ०.९ टक्के मुलांना महत्त्वाची इजा निघाली आणि ०.१ टक्के मुलांना मेंदूची शस्त्रक्रिया लागली. या अभ्यासातून साधे प्रश्न पुढे आले. मूल नेहमीसारखे वागते आहे का? शुद्ध हरपली होती का? उलट्या झाल्या का? डोके फार दुखते आहे का? किती उंचीवरून पडले? कवटी फुटल्याची खूण आहे का? दोन वर्षांखालच्या बाळाला कपाळ सोडून इतर ठिकाणी टेंगूळ आहे का? उत्तरे निर्धोक असतील तर स्कॅन लागत नाही, आणि मधल्या गटातल्या मुलांना काही तास रुग्णालयात नजरेखाली ठेवणे हा चांगला मार्ग असतो.

म्हणून शहरातील काही ठिकाणी ‘किरणांशिवाय डोक्याची तपासणी’ म्हणून डोळ्यांची सोनोग्राफी पुढे केली जाण्याची शक्यता मला काळजीची वाटते. खेळणाऱ्या, हसणाऱ्या मुलाला ना स्कॅन लागतो, ना ही सोनोग्राफी. त्याला लागते ती नीट तपासणी आणि चार-सहा तासांचे लक्ष.

यंत्र आहे, शिकवलेला हात नाही

तालुक्याच्या रुग्णालयात ही तपासणी न्यायची, तर आपल्याकडे एक खास प्रश्न उभा राहतो. सोनोग्राफीचे यंत्र आपल्या राज्यात मोकळे ठेवलेले नसते, आणि तसे ते नसावेच. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. या कायद्यात ढिलाई आणावी असे मी म्हणणार नाही. मुलांचे डोके वाचवायचे म्हणून मुलींचा जन्म धोक्यात घालणे हा सौदा कोणीही मान्य करू नये.

पण कायदा पाळूनही वाट काढता येते. आज काय होते? यंत्र सोनोग्राफीच्या खोलीत कुलुपात असते, किल्ली रेडिओलॉजिस्टकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. रात्री आठ वाजता कॅज्युअल्टीत असलेला वैद्यकीय अधिकारी त्या यंत्राला हात लावायला घाबरतो, आणि त्याची भीती समजण्यासारखी आहे. एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांनी ठरवलेले सहा महिन्यांचे प्रशिक्षण पोटाच्या आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचे आहे. डोळ्याचा त्यात संबंध नाही.

माझी सूचना अशी आहे. ज्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत अपघाताचे रुग्ण जास्त येतात, तिथे कॅज्युअल्टीसाठी फक्त लिनियर प्रोब असलेले यंत्र रीतसर नोंदवावे. पोटाचा प्रोब त्याला जोडताच येणार नाही, अशी व्यवस्था असावी. ते कोणी वापरायचे याची नावे समुचित प्राधिकाऱ्यांकडे दिलेली असावीत, प्रत्येक तपासणीची चित्रासह नोंद व्हावी आणि तिची नियमित पडताळणी व्हावी. त्यासाठी नियमांत कुठे स्पष्टीकरण हवे असेल, तर ते खात्याने लेखी द्यावे, म्हणजे डॉक्टर रात्री घाबरणार नाही. हेच यंत्र शिर सापडत नसलेल्या बाळाला सलाइन लावायला आणि छातीत हवा साचली आहे का ते बघायलाही उपयोगी पडते. तेव्हा खर्च केवळ डोळ्यासाठी नाही.

यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे हात. सोनोग्राफीची सवय असलेल्याला सुमारे दहा आणि नवख्याला सुमारे पंचवीस तपासण्या मार्गदर्शनाखाली केल्यावर हे माप जमू लागते, असे या विषयात काम केलेल्यांचे म्हणणे आहे. हे प्रशिक्षण मेडिकल कॉलेजांना देता येईल. मात्र ते देताना पहिल्याच दिवशी एक वाक्य शिकवले गेले पाहिजे : आवरण रुंद असेल तर घाई करा, आवरण नेहमीसारखे असेल तर निर्धास्त होऊ नका. आणि आपल्या मुलांवर, आपल्याच रुग्णालयांत घेतलेली मापे नीट जमवून ठेवली, तर सीमारेषा कुठे ठेवायची या वादात आपल्यालाही काही सांगता येईल.

पालकांनी काय लक्षात ठेवावे

ही तपासणी तुम्ही मागून घ्यायची नाही. तुमचे काम त्याच्या आधीचे आहे, आणि ते जास्त महत्त्वाचे आहे.

मार लागल्यावर मूल बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, आकडी आली, झोपाळलेले राहिले, डोके वाढत्या प्रमाणात दुखू लागले, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला, एक बाहुली मोठी दिसली, हातपाय कमी हलू लागले, किंवा तान्ह्या बाळाची टाळू फुगली, तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करा. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, अर्धवट शुद्धीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घालणे, टेंगूळ चोळणे यांत वेळ घालवू नका. उंचावरून पडलेल्या मुलाची मान फार हलवू नका. मूल किती वाजता, किती उंचीवरून, कशावर पडले आणि त्यानंतर काय काय झाले, हे डॉक्टरांना नीट सांगा. ही पाच वाक्ये कुठल्याही यंत्राइतकी उपयोगी असतात.

आणि डॉक्टर म्हणाले, ‘स्कॅनची गरज नाही, पण काही तास इथेच थांबा,’ तर थांबा. तो टाळाटाळीचा भाग नसतो, तो उपचाराचा भाग असतो. घरी पाठवले तरी पुढचा एक दिवस मुलावर लक्ष ठेवा, आणि वर सांगितलेल्यांपैकी एकही खूण दिसली तर मध्यरात्र असली तरी परत या. पहिल्या तपासणीत सगळे ठीक निघाले होते, हे परत न येण्याचे कारण होऊ शकत नाही, मग ती तपासणी स्टेथोस्कोपची असो, स्कॅनची असो की डोळ्यांच्या सोनोग्राफीची.